कुरोडी नावाचं पार्टिशन

शुक्रवारी दुपारी सर फोनवर म्हणाले, "रविवारचं पार्टिशन तूच कर. मी फक्त ऐकत बसतो," आणि मी खोलीतल्या खोलीत अशी उडी मारली की खालून आईचा आवाज आला.

"काय पडलं व?"

"काही नाही पडलं! मला काम मिळालं!"

"मंग इतके दिवस काय करून राह्यली होती?"

आईचा प्रश्न बरोबरच होता. पुण्याच्या एका कंपनीत मी मोठे सर्व्हर सांभाळायचं काम करते. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली तेव्हा मी भाड्याची खोली सोडून गावी देऊळघाटला आले, वरच्या खोलीत टेबल टाकलं, आणि तेव्हापासून आईनं मला दिवसभर काळ्या पडद्यासमोर बसलेलंच पाहिलं होतं. पण तोवर मी करत होते ते बहुतेक बघण्याचं काम. यंत्राला त्याची हालहवाल विचारायची, आलेलं उत्तर वाचायचं आणि सरांना सांगायचं. आज्ञा लिहायचे ते सरच, म्हणजे आमच्या टीमचे प्रमुख.

त्यांचा हा हट्ट विनाकारण नव्हता. आम्ही सांभाळतो ते सर्व्हर म्हणजे घरातल्या दोन गोदरेजच्या कपाटांएवढी धुडं. एका विमा कंपनीचं असंच एक धूड नवी मुंबईत होतं. त्याच्या आत मोठमोठे बोर्ड बसवलेले असतात, त्यांना सेल म्हणतात. प्रत्येक सेलवर स्वतःचे प्रोसेसर, स्वतःची मेमरी. काही सेलांना शिवाय एक पेटी जोडलेली असते, तिच्यातून डिस्क आणि नेटवर्क येतं. हे सेल वाटून दिले की त्या एका धुडाची दोन, तीन, चार वेगवेगळी यंत्रं होतात. नुसती मानलेली वेगळी नव्हेत, खरोखरची वेगळी. एक कोसळलं तरी शेजारच्याला पत्ता लागत नाही. यालाच हार्डवेअर पार्टिशन म्हणायचं.

आणि हे सगळं पाना-पेचकस न लावता होतं. काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं. देऊळघाटला बसून नवी मुंबईतलं लोखंड वेगळं करता येतं, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली त्या दिवशी मी जेवायची विसरले होते. पण ती ओळ चुकली, तर ज्या भागावर हजारो लोकांच्या पॉलिसी चालल्यात त्याचाच सेल निघून हातात यायचा. म्हणून सर कुणाला हात लावू देत नसत. मी मात्र त्यांच्या मागे लागले होते. दर बैठकीच्या शेवटी विचारायचे, "सर, पुढचं पार्टिशन मी करू?" आणि सर म्हणायचे, "बघू."

त्या शुक्रवारी ते "बघू" म्हणाले नाहीत.

संध्याकाळी जेवताना मी बाबांना आणि आईला सगळं समजावून सांगितलं. विमा कंपनीला नव्या प्रणालीची रंगीत तालीम करायची आहे, त्यासाठी काही आठवड्यांपुरतं एक वेगळं यंत्र हवं. नवं यंत्र आणायचं नाही, जुन्यातूनच काढून द्यायचं. एक सेल रिकामा पडलाय, दुसरा चाचणीच्या भागातून सोडवायचा, आणि दोघांचं मिळून एक नवं पार्टिशन उभं करायचं.

बाबा भाकरी मोडत म्हणाले, "म्हणजे हिस्सेवाटणी."

"हो."

"मोजणीले कोण येते?"

"मीच."

बाबा हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, "रविवारी? रविवारी तं स्लॅबवर कुरोड्या हायेत."

तेव्हा त्यात काही अडचण वाटली नाही. कुरोड्या, म्हणजे गव्हाच्या चिकाच्या कुरडया, स्लॅबवर होणार होत्या आणि मी खोलीत. पण शनिवारी गावाच्या रस्त्यावर पाइपलाइनसाठी खोदणाऱ्या जेसीबीनं इंटरनेटची वायर तोडली. केबलवाल्याला मी इतके फोन केले की शेवटी तो काकुळतीला आला. "ताई, सोमवारच्या आधी नाही होत. माणूसच नाहीये."

माझ्या मोबाइलला घरात रेंज एक रेघ. बाबांच्या मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम, त्याला खोलीत शून्य. मी दोन्ही फोन हातात घेऊन घरभर फिरले, अंगणात फिरले, जिन्यावर थांबले. शेवटी स्लॅबवर पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यात बाबांचा मोबाइल धरला तर पूर्ण रेघा आल्या. टाकीपासून दोन हात इकडे सरकलं की गेल्या.

"आई, मला तो टाकीचा कोपरा पाहिजे उद्या."

"पोरी, चीक काढून झाला. कुरोड्या काही सोमवारी होत नाहीत."

"माझंही सोमवारी होत नाही."

 आई म्हणाली, "टाकीजवळ बस मंग. पण चटईवर पाय देऊ नको."

रविवारी सकाळी बाबा वांगी आणि मिरची घेऊन बुलढाण्याच्या मार्केटला गेले, मोबाइल माझ्याकडे ठेवून. उन्हं अजून कोवळी होती. मी टाकीला टेकून एक बाज उभी केली, तिच्यावर चादर टाकली, त्या सावलीत पाट घेतला आणि लॅपटॉप स्टुलावर ठेवला. जिन्यातून विजेची वायर ओढून आणली. माझ्यासमोर अख्ख्या स्लॅबवर चटया आणि त्यांच्यावर धुतलेल्या जुन्या साड्या पसरलेल्या. आई आणि शेजारची काकू शिजलेल्या चिकाचं पातेलं दोन्हीकडून धरून वर आल्या. काकू माझ्या बाबांची चुलत वहिनी. तिचा आवाज असा की ती आमच्या स्लॅबवर बोलली की खाली चौकात लोक उत्तर देतात.

"हे काय व, इथं दुकान मांडलं का?" काकू म्हणाली.

"ऑफिस आहे काकू. जरा हळू बोला, फोनवर सर येणार आहेत."

"मी हळूच बोलून राह्यली!" काकू ओरडली.

नेट बाबांच्या मोबाइलवरून घेतलं होतं, बोलायला माझा मोबाइल. सर फोनवर आले. विमा कंपनीच्या सर्व्हर खोलीतल्या मॅडमही आल्या. त्यांच्यामागे पंख्यांचा मोठा घरघराट होता. माझ्यामागे सोऱ्या फिरवायचा कुरकुर आवाज. सर म्हणाले, "तुझ्याकडे काय गिरणी चालू आहे का?"

मी खरं ते सांगितलं. घरचं नेट गेलंय, मी स्लॅबवर आहे, इथे कुरडया चालल्यात. मॅडम हसल्या. सर हसले नाहीत.

पहिला घोळ लगेच झाला. सरांनी ठरवलं होतं की हे काम चित्रांच्या पडद्यावरून करायचं. तिथं सेल चौकोनांसारखे दिसतात, माउसनं उचलून इकडून तिकडे ठेवता येतात आणि चूक होण्याआधी यंत्रच विचारतं. पण तो पडदा बाबांच्या मोबाइलच्या नेटवर उघडेना. अर्धा रंगायचा आणि थांबायचा. पुन्हा केलं, पुन्हा थांबला.

"पुढच्या रविवारी करू," सर म्हणाले.

 त्याच वेळी माझ्या डोक्यात असं काही चमकलं की मी पाटावरून उठूनच उभी राहिले.

"सर, काळी खिडकी व्यवस्थित चालतेय. मी कमांडनं करते."

"सगळं?"

"सगळं. पाहिजे तर प्रत्येक ओळ आधी वाचून दाखवते. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच एंटर."

 इकडे काकूचा हात थांबला होता. तिला विषय कळला नसला तरी कुणीतरी काहीतरी परवानगी मागतंय एवढं कळलं होतं.

"वाच," सर म्हणाले.

मी आधी यंत्राची हालहवाल विचारली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत तक्ता उतरला: कोणता सेल कुणाच्या भागात, कोणता जागा, कोणता झोपलेला, कुणाला पेटी जोडलेली. रिकामा सेल रिकामाच होता, पण त्याला पेटी नव्हती. पेटी नाही म्हणजे डिस्क नाही, नेटवर्क नाही, तो एकटा कधी उभा राहणार नाही. म्हणून चाचणीच्या भागातला पेटीवाला सेल मिळणं अगदी गरजेचं. तो काढायची ओळ मी लिहिली, अक्षर न् अक्षर वाचली. सर म्हणाले "हो." मी एंटर दाबला. यंत्र म्हणालं, ठीक, नोंद घेतली. हा भाग आता बंद करून चालू करा म्हणजे सेल सुटेल.

चाचणीचा भाग बंद करून चालू करायचं काम मॅडमचं होतं. रविवारी त्याच्यावर कुणी नसतं. मॅडमनी आज्ञा दिली आणि आम्ही थांबलो.

असा मोठा भाग उठायला वेळ घेतो. तेवढ्यात ऊन बाजेच्या वर आलं आणि पडद्यावरचं काही दिसेनासं झालं. मी मान वाकडी करून, हाताचा आडोसा करून बघत होते. आईनं चिकाचे हात पदराला पुसले, दांडीवरचं ओलं लुगडं आणलं आणि माझ्या डोक्यावरून लॅपटॉपसकट टाकलं. आत एकदम गार अंधार आणि त्यात माझी पांढरी अक्षरं लख्ख.

"दिसते का आता?"

"दिसतं!"

भाग उठला. मॅडम म्हणाल्या, "झालं, चालू आहे." मी तक्ता मागवला.  पेटीवाला सेल अजून चाचणीच्याच भागात होता. जागा. जिथल्या तिथे.

"सर, सेल सुटला नाही."

"थोडं थांब. माहिती यायला वेळ लागतो कधीकधी."

मी थांबले. पुन्हा तक्ता मागवला. तोच. बदलाची नोंद मात्र अजून वाट बघत पडलेली दिसत होती, म्हणजे यंत्र विसरलं नव्हतं. कुणीतरी त्याला सांगायचं राहिलं होतं. लुगड्याच्या आत मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते आणि मग मला आठवलं की बंद करून चालू करण्याचे दोन प्रकार असतात. एक साधा, रोजचा. त्यात भाग झोपतो आणि जसा होता तसाच उठतो. दुसऱ्यात भाग पूर्ण मोकळा होतो, आपले सेल नव्यानं मोजतो आणि मग उठतो. दोन्हींच्या आज्ञेत फरक एका अक्षराचा. तेही वेगळं अक्षर नव्हे. लहान आर आणि मोठा आर.

"मॅडम, तुम्ही आर लहान टाकला का मोठा?"

मॅडमनी आपली आधीची ओळ वर सरकवून पाहिली. मग मॅडम म्हणाल्या, "लहान. नेहमी तोच टाकते ना."

"मोठा पाहिजे होता!" मी जवळजवळ किंचाळले. राग नव्हता तो. कुठं अडलंय ते सापडल्याचा आनंद होता, आणि तो मला आवरत नव्हता. "सर, तेवढंच आहे. बाकी सगळं बरोबर आहे. मोठ्या आरनं पुन्हा एकदा चालू केलं की सुटेल."

सर हळूच म्हणाले, "बरोबर आहे." त्या दोन शब्दांत आधीचा सावधपणा नव्हता. पण पुन्हा भाग बंद करायला मॅडमना त्यांच्या साहेबांची परवानगी लागणार होती. एकदाच बंद करायचं ठरलं होतं. त्या फोन करायला गेल्या.

मी लुगड्यातून बाहेर आले. टाकीजवळच येरझारा घालू लागले. काकूनं ते बरोबर पाहिलं.

"ये इकडं. सोऱ्या फिरव. बसल्या बसल्या काय करशीन?"

मी तिच्याजवळ उकिडवी बसले. आईनं सोऱ्यात गरम चीक भरला, वरचं झाकण लावलं आणि माझ्या हातात दिला. पहिली कुरोडी मी अशी पाडली की काकू म्हणाली, "हे काय, गांडूळ का?" दुसरी जरा गोल झाली. तिसऱ्याला आई "हां" म्हणाली. चिकाची वाफ तोंडावर येत होती आणि कान सगळा वेळ फोनकडे.

"काऊन थांबलं पण ते?" काकूनं विचारलं.

"एक अक्षर लहान पडलं."

"लहान पडलं म्हणून अख्खं थांबलं?"

"हो ना."

"लय मानी दिसते मशीन," काकू म्हणाली.

परवानगी आली. मी हात धुऊन पुन्हा लुगड्याखाली गेले. मॅडमनी ओळ लिहिली आणि मला वाचून दाखवली. "मोठा आर," त्या म्हणाल्या. "मोठा आर," मी म्हणाले. "मोठा आर," सर म्हणाले. लुगड्याबाहेरून काकूही म्हणाली, "मोठा!"

या वेळी तक्त्यात पेटीवाला सेल झोपलेला दिसला. त्याच्या मालकाच्या जागी फक्त एक आडवी रेघ. तो कुणाचाच नव्हता. मी ती आडवी रेघ बघितली आणि एवढी हसले की आईनं लुगडं वर करून आत डोकावून पाहिलं.

आता मुख्य ओळ. नवं पार्टिशन उभं करायची आज्ञा बरीच लांब असते. कोणते सेल घ्यायचे, कोणत्या सेलची मेमरी कशी वापरायची, एखादा सेल बिघडला तर काय करायचं, सगळं एकाच ओळीत. आणि नाव.

"नाव काय द्यायचं, मॅडम?"

"काहीही द्या. तात्पुरतंच आहे. आमचे लोक नंबरानंच ओळखतील."

मी लुगड्यातूनच विचारलं, "काकू, एक नाव सांगा."

"कशाचं?"

"नवीन भागाचं."

काकूनं एक क्षणही घेतला नाही. "कुरोडी ठेव."

सर फोनवर होते. मी त्यांना विचारलं नाही. इंग्रजी अक्षरांत कुरोडी लिहिलं आणि अख्खी ओळ वाचून दाखवली. नावाशी आल्यावर सर म्हणाले, "काय?"

"कुरोडी, सर."

 ते म्हणाले, "स्पेलिंगमध्ये जागा सोडू नकोस. बाकी ठीक आहे. मार एंटर."

मी एंटर दाबला आणि नेमका त्याच क्षणी बाबांचा मोबाइल वाजला. त्या कोपऱ्यात फोन आला की नेट जातं. काळी खिडकी गोठली. कर्सरही लुकलुकेना.

आईनं मोबाइल उचलला. कुणीतरी व्यापारी होता. "ते मार्केटात गेले," आई म्हणाली. "मले नाही माहीत वांगे किती निघतीन. ठेवा फोन. ठेवा म्हणलं ना! पोरीचं काम चालू हाये!"

तिनं फोन कापला, पण खिडकी मेलेलीच. माझी आज्ञा पोचली होती की वाटेत राहिली होती, कळायला मार्ग नव्हता.

"सर, माझं नेट तुटलं. एंटर दाबल्या दाबल्या."

"परत आज्ञा देऊ नकोस," सर घाईनं म्हणाले. "दोनदा गेली तर..."

"नाही देत. आधी आत जाऊन बघते काय झालंय."

पुन्हा जोडणी केली. पासवर्ड एकदा चुकला, कारण बोटाला चीक राहिला होता आणि बटण चिकटत होतं. दुसऱ्यांदा आत गेले. भागांचा तक्ता मागवला. ओळी एकेक उतरत गेल्या. मुख्य भाग, चाचणीचा भाग, अहवालांचा भाग. आणि सगळ्यात खाली, एक नवा क्रमांक, दोन सेल, आणि त्याच्यापुढे लहान अक्षरांत नाव.

"आली!" मी ओरडले. "सर, कुरोडी आली! तक्त्यात आहे! दोन्ही सेल तिच्यात आहेत!"

लुगडं कधी अंगावरून गेलं मला कळलं नाही. आई आणि काकू दोघी माझ्या दोन बाजूंना वाकल्या होत्या आणि उन्हात काही दिसत नसताना पडद्याकडे बघत होत्या.

"कुठं हाये?" आई म्हणाली.

मी तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. तिनं एक एक अक्षर लावत वाचलं. इंग्रजी अक्षरं तिला शाळेत शिकवली होती, त्यानंतर तिनं ती गाडीच्या पाट्यांवर आणि औषधांच्या पुड्यांवरच वाचलेली. "के. यू. आर..." शेवटपर्यंत गेली आणि सरळ उभी राहून काकूला म्हणाली, "खरंच ठेवलं व तिनं."

पण काम संपलं नव्हतं. भाग तयार झाला होता, जागा झाला नव्हता. मी मुद्दामच त्याला उठायची आज्ञा दिली नव्हती, म्हणजे सरांना आधी सगळं तपासता यावं. सरांनी माझ्याकडून तक्ता दोनदा वाचून घेतला. मेमरी किती दिसते, पेटी कुणाकडे आहे, मुख्य भागाला कुठे धक्का लागलाय का. धक्का नव्हता. तो आपल्या पॉलिसींचा हिशेब करत शांत चालला होता, शेजारी काय उलथापालथ झाली ते त्याच्या गावीही नव्हतं.

"सोड तिला," सर म्हणाले.

मी दुसरी खिडकी उघडली, नव्या भागाचा कन्सोल. तिथं उठताना यंत्र जे जे करतं ते बोलून दाखवतं. मग उठायची आज्ञा दिली. पहिल्यांदा काहीच नाही. मग एक ओळ. मग एकदम ओळींवर ओळी. सेल एकमेकांना शोधतायत, सापडले. प्रोसेसर मोजतायत. मेमरी तपासतायत. मी प्रत्येक ओळ मोठ्यानं मराठीत सांगत होते, सरांना नव्हे, आईला आणि काकूला. "आता त्या दोघांची भेट झाली. आता ती आपली मेमरी चाचपतेय. आता पेटी शोधतेय. पेटी... पेटी... मिळाली! डिस्क दिसली!"

"दिसली!" काकू खालच्या चौकाला ऐकू जाईल अशी ओरडली. खालून खरंच कुणीतरी विचारलं, "काय दिसली?"

शेवटी सगळं थांबलं आणि पडद्यावर एक बाण लुकलुकू लागला. यंत्र म्हणत होतं, मी जागी आहे, सांगा काय करू.

मला रडू आलं. हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, बोटं अजून चिकट असल्यामुळे पुसताही येईना. मी सरांना सांगितलं, "सर, बाण आला."

"मला ऐकू आलं," सर म्हणाले. "तुझ्या काकूंनी सांगितलं." आणि मग, "मॅडम, आता तुम्ही घ्या. पार्टिशन तयार आहे."

मॅडम कन्सोलवर आल्या आणि ऑपरेटिंग सिस्टीम चढवायला लागल्या. माझं काम संपलं. फोन ठेवताना सर म्हणाले, "चित्रांचा पडदा उघडला नाही ते बरंच झालं," आणि फोन ठेवून दिला. सरांच्या तोंडून हे येणं म्हणजे काय, ते आमच्या टीममध्ये बसल्याशिवाय कळायचं नाही. मी लॅपटॉप मिटला आणि स्लॅबभर नाचले. चटईवर पाय दिला. आई ओरडली, पण हसत होती.

पातेल्याच्या तळाशी राहिलेला चीक आईनं वाट्यांत काढला, वर तेल आणि तिखट-मीठ घातलं. टाकीच्या सावलीत आम्ही तिघी तो गरम गरम खात बसलो. काकूनं मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. तिनं अधूनमधून प्रश्न विचारले आणि त्यातला एक माझ्या अजून लक्षात आहे. ती म्हणाली, "मंग ते पुण्याहून नाही झालं असतं का?"

"झालं असतं."

"मंग तू इथून केलं."

"हो."

"बरं झालं," काकू म्हणाली आणि वाटी चाटून पुसून खाली ठेवली.

त्या कुरोडीचं पुढं जे झालं ते मला त्या दिवशी वाटलं नव्हतं. विमा कंपनीतल्या कुणीही तिला नंबरानं ओळखलं नाही. नाव लहान आणि सोपं होतं म्हणून ते त्यांच्या तोंडी बसलं. त्यांच्या बैठकांत माणसं गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "कुरोडीवर डेटा आला का?" "कुरोडी आज जरा संथ आहे." एक दक्षिणेतले अधिकारी होते, त्यांना वाटलं हा एखाद्या संकल्पनेचा इंग्रजी संक्षेप असणार; त्यांनी ईमेलमध्ये त्याची अक्षरं कशाकशाची ते विचारलं. ती ईमेल सरांनी मला नुसती पाठवून दिली.  मी उत्तरात लिहिलं की हा आमच्या भागात उन्हाळ्यात करायचा एक पदार्थ आहे, तळला की फुलतो. त्यांनी परत लिहिलं, पुढच्या वेळी थोड्या पाठवा.

तालीम नीट झाली. नवी प्रणाली मुख्य भागावर गेली आणि कुरोडीचं काम संपलं. तिला काढून टाकायचं कामही माझ्याकडेच आलं. ती आज्ञा छोटी असते, उभं करायच्या आज्ञेच्या पावही नाही. तोवर वायर जोडली गेली होती, मी माझ्या खोलीत टेबलाशी होते, दुपार होती. एकदा वाटलं, वर स्लॅबवर जाऊन करावं. मग म्हटलं, काय वेडेपणा. ओळ लिहिली, सरांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "वाचायची गरज नाही, कर." दोन्ही सेल पुन्हा झोपले, मालकाच्या जागी आडव्या रेघा आल्या. थोडं हुरहुरलं. पण थोडंच.

कारण त्याच फोनवर सरांनी पुढचं सांगितलं. नागपूरच्या एका ग्राहकाकडे नवंकोरं धूड येतंय, अजून खोक्यातच आहे. त्याचे सगळे भाग पहिल्यापासून आखायचे, कुणाला किती सेल, कुणाला कोणती पेटी, सगळं. "चित्रांचा पडदा तिथं असेल," सर म्हणाले. "पण मला वाटतं तू तो उघडणार नाहीस."

"नाही उघडणार, सर!"

फोन ठेवला आणि मी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या गाळत खाली पळाले. आई ओट्याशी होती, बाबा नुकतेच शेतातून येऊन पाणी पीत होते.

"आता काय झालं?" आई म्हणाली.

मला एवढा दम लागला होता की शब्द फुटेना. मी बाबांच्या हातातला तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्याले आणि मग सांगायला सुरुवात केली.